पाटी नसलेला खांब

बोरीतांडा, ता. सेनगाव, जि. परभणी
२८ मार्च १९९७

मिना,

हे पत्र लिहून राहिलो ते याडीला माहीत न्हाई. ती तांडाभर सांगत फिरते, माझी सून चार दिवस माहेरी गेली, येईल. होळी झाली, लेंगीची गाणी म्हणायला बाया जमल्या, जो तो मला विचारतो मिना कुठं. मी म्हणतो शिरड शहापूरला, भावाकडं. पुढं विचारलं की मला लई काम असतं.

आपली बोली कागदावर उतरत न्हाई, म्हणून शाळंतल्या मराठीत लिहितो. तुझी सातवी, माझी नववी, तेवढ्यात भागवून घे.

तू जाताना दारात उभी राहून म्हणालीस, 'माझ्या रुपाला कुठं ठेवलं ती जागा सांगा, तवा येते.' मी बैलाच्या शिंगांना तेल लावत बसलो, मान वर केली न्हाई. त्याचा तुला राग आला असंल. पण मला सांग, मी काय नवीन केलं? आपल्यात लगीन न झालेलं लेकरू गेलं तर मातीत ठेवतात, गडी जातात, आन मायला जागा सांगत न्हाईत. माय रोज तिथं जाऊन बसंल, तिचं घरात मन लागणार न्हाई, पुढचं लेकरू व्हायचं न्हाई, म्हणून. याडीची दोन लेकरं त्या मातीत हायेत. माझ्या बापानं तिला मरंस्तोवर सांगितलं न्हाई. मग मीच बाईलबुद्ध्या काहून व्हावं? थावरा नाईक काय म्हणंल? तांड्याच्या नाईकाच्या शब्दाबाहेर जाऊन आपण ऱ्हायचं कुठं?

तू म्हणशील तुला सवडीचं तेवढं बोलता. बरं. मग एक खरं सांगतो. त्या सांजेला चिमणीत रॉकेल असतं तर रुपानं सरपणात हात घातलेला आपल्याला दिसला असता. काड्या पेटवू पेटवू आपण इंचू शोधत बसलो आन ती तशीच मुठी आवळून. रॉकेल आणायचं मी विसरलो होतो. तू मला त्यावरून कधी बोलली न्हाईस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

एक बातमी हाये. आपल्या डोंगराची खदान हिंगोलीच्या गुलाबचंद शेठनं घेतली. खडीचं क्रेशर बसवणार. आधी डिझेलवर, मग वर लाईन आणणार म्हणतो. शेठ पारावर बसून चहा प्याला आन म्हणाला, क्रेशरला करंट आला की तांड्याला बी लाईट. बाया हसल्या. मी हसलो न्हाई. घरात एक बल्ब लागला की सरपणाचा कोपरा कसा दिसंल ते मी पाहून राहिलो होतो.

पेमा

१४ डिसेंबर १९९७

मिना,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आन त्यावर दोनच शब्द, 'जागा लिहा.' पोस्टमन वाचून मला म्हणतो, 'पेमाभाऊ, कुन्या जागेचा सौदा चाललाय?' मी म्हणालो, घर बांधायचंय.

मी आता लाईनीच्या कामावर हाये. वसमतचा फारुक म्हणून मुकादम हाये, ठेकेदाराचा माणूस, खालच्या रस्त्यापासून वर खांब आणायचं काम त्याच्याकडं. गडी चांगला, कामात कडक. त्यानं माझी नववी ऐकून मला मापाची टेप धरायला लावलं. तुझा नवरा टेप धरतो आता, कळव तुझ्या भावाला. मला बिनकामाचा म्हणत होता.

सिमेंटचे खांब ट्रॅक्टरवर वडाच्या वळणापर्यंत येतात, तिथून वर माणसांच्या खांद्यावर. तांड्यातले सगळे गडी लागले. आपल्या आज्यापणज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, आमी खांब वाहून राहिलो, असं थावरा नाईक म्हणतो. तो स्वतः काही वाहत न्हाई, काठी घेऊन पुढं चालतो.

खाली काम भराभर झालं. वर आलं आन अडलं. तुला ठाऊक हाये आपला डोंगर. वीतभर माती, खाली काळा पाषाण. पहार मारली की हाताला झिणझिण्या येतात, पहारीचं टोक वाकतं, दगडाला ओरखडा बी न्हाई. फारुक म्हणाला सुरुंग लावू. पण घरं जवळ. बाया अंगावर धावून आल्या, कुडं पडतील म्हणाल्या, त्यात याडी पुढं. लाईन ओढ्याकडून फिरवायची तर खांब लई वाढतात. शेठनं सांगून टाकलं, मग राहू द्या, माझं क्रेशर डिझेलवर चालतंय, तांड्याचं तुमी बघा.

नाईकाच्या दारात बैठक झाली. सगळे गडी होते. लाईन पाहिजे का नको, आन पाहिजे तर कुठून, एवढंच ठरवायचं होतं.

बैठकीत काय ठरलं ते पुढं कधी लिहीन. आज दमलोय. याडीचे गुडघे बरे हायेत.

पेमा

३ मे १९९८

मिना,

लाईट आला.

तू असायला पाहिजे होतीस. अक्षय तृतीयेच्या नंतर डीपी चालू केली. शेठनं नारळ फोडला, आन वरच्या खदानीत क्रेशर असं गरजलं की शेरडं दावी तोडून पळाली. मग फारुकनं तांड्याच्या तारा जोडल्या. दिवस मावळायला होता. घराघरात एकेक बल्ब. म्हातारी नर्मदाबाई बल्बाखाली उभी राहून पदरानं वारा घालायला लागली, विझत कसा न्हाई म्हणून. पोरं नुसती घरात-बाहेर पळत होती. आपल्या घरात याडीनं बल्बाला हळदीकुंकू लावलं, ते गरम होऊन उडालं, आन तिनं मलाच शिव्या दिल्या.

मी सरपणाच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. मिना, सगळं दिसतं. काटकी न काटकी दिसते. भिंतीवरच्या मुंग्या दिसतात. मी तिथं बसून ढसाढसा रडलो आन याडीला वाटलं मला आनंद झाला.

शेठनं मला क्रेशरवर ठेवून घेतलं. सकाळी हँडल वर ढकलायचं, संध्याकाळी खाली ओढायचं, फ्यूज गेला की बांधायचा, सांजेला तांड्याचा मेन स्विच चालू करायचा. खदान चालू असली की तांड्यात बल्ब लालसर होतो, बंद झाली की पांढरा. लोक मला वायरमन म्हणतात. सेनगावच्या बाजारात एक जण मला वायरमनसाहेब म्हणाला.

तुझं दुसरं कार्ड बी मिळालं. 'लाईन कुठून आणली?' एवढंच लिहिलंस. तुला कोणी सांगितलं काही? का उगीच विचारलंस? लाईन खालून आणली. रस्त्यापासून. सगळ्यांची आणतात तशी.

आता घरी ये. उजेड पाहायला तरी ये. जागेचं जाऊ दे, मिना. पोरगी गेली, आता तिची माती धरून बसून काय व्हनार? आपण दोघं तरुण हाओत. हे मी नीट समजून सांगून राहिलो, रागानं न्हाई.

पेमा

बोरीतांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
१९ ऑगस्ट १९९९

मिना,

वर जिल्हा बदलला हे पाहिलंस का? आता परभणीला जायला नको, सगळी कचेरी हिंगोलीत. लोकांनी पेढे वाटले. मी बी खाल्ला.

तीन वेळा लिहायला बसलो आन पेढ्यापर्यंत येऊन थांबलो. आज पुढं लिहितो. मागच्या पत्रात मी तुला शहाणपण शिकवलं, त्याचीच आधी लाज वाटते. पण ती लाज धाकटी हाये. थोरली अजून सांगायची हाये.

गेल्या आठवड्यात लाईन तपासायला हिंगोलीहून साहेब आला. चष्मेवाला, बोलायला मऊ. मला घेऊन खांबाखांबानं चालला. खांबावर धोक्याची पाटी असते ना, लाल, कवटी आन खाली दोन हाडं. त्या पाट्या माझ्याच हातानं मी लावल्या, सिडी लावून, तारेनं आवळून. साहेब चालता चालता थांबला. म्हणाला, 'या एकाच खांबाला पाटी का नाही?'

मी म्हणालो पडली असंल. तो म्हणाला, तारेचा वळसुद्धा नाही, इथं लावलीच नाही. मी म्हणालो लावतो. तो म्हणाला, आज लाव. मी व्हय म्हणालो. पाटी घरात हाये, माझ्या पेटीमागं, भिंतीकडं तोंड करून. मला ती लावता येत न्हाई.

आता बैठकीचं सांगतो.

नाईकाच्या दारात आमी बसलो होतो. फारुक म्हणाला, वर कुठंतरी माती असंलच की, अख्ख्या डोंगरावर मऊ जागा न्हाईच असं कसं व्हईल? मिना, मऊ जागा एकच हाये आन ती प्रत्येक गड्याला ठाऊक हाये. आपल्या म्हाताऱ्यांनी लेकरं तिथं काहून ठेवली? दुसरीकडं खणताच येत न्हाई म्हणून. बोरीच्या झाडाखालचा तो पट्टा. बाया तिकडं गवताला जात न्हाईत, गडी त्याचं नाव काढत न्हाईत. सगळे खाली पाहून जमिनीवर रेघा ओढून राहिले होते. कोणी बोललं नसतं तर लाईन आली नसती, आन कोणाला पाप लागलं नसतं.

मी बोललो. 'बोरीखाली माती हाये,' असं म्हणालो.

थावरा नाईकानं काठी माझ्याकडं केली. मग म्हणाला, 'पेमा, तुझं लेकरू तिथं ताजं हाये. तुलाच चालतंय, तर आता न्हाई कोण म्हणंल?' आन सगळ्यांच्या अंगावरचं ओझं उतरलं. मला ते दिसलं, मिना. एकानं तंबाखू मळायला घेतली. माझी पोरगी पुढं करून सगळे सुटले, आन मीच तिला पुढं केली होती. मला तवा वाटलं, मी लई मोठं काम करून राहिलो. उजेड नव्हता म्हणून ती गेली, तिच्याच अंगावरून उजेड आला तर काय बिघडलं? असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खणायला लागलो. फारुकनं माती हातात घेऊन चुरली. मला बाजूला घेऊन म्हणाला, 'पेमाभाई, ये मट्टी कायकू इत्ती नरम है? नीचे कुछ है क्या?' मी म्हणालो न्हाई. तो म्हणाला, 'देखो, बोल दो. मैं जगा बदल देतूं. ठेकेदार से मैं निपट लूंगा.' परक्या गावचा माणूस, त्याचं काय अडलं होतं? मी म्हणालो, 'कुछ नहीं है, खोदो.'

मग एका खड्ड्यात कवड्यांचा दोरा निघाला. तू रुपाच्या मनगटाला बांधला होतास तो, मधी निळा मणी. फारुकनं बाकीच्यांना पाणी प्यायला पाठवलं, आन पाठ करून उभा राहिला. मी तो दोरा होता तिथं परत ठेवला, वर माती लोटली, जमंल तेवढी. मग खांब उभा केला. दोर मी बी ओढला. सगळ्यांबरोबर 'हैश्या' म्हणालो.

तुला खोटं कुठं कुठं बोललो ते आता तूच मागची पत्रं काढून पाहा. रीत, नाईक, याडी, सगळ्यांच्या आड लपलो. पहिल्या पत्रात रीत होती हे खरं. पण त्यानंतर मी तुला जागा सांगितली न्हाई ती रितीपायी न्हाई. सांगायला जागाच ठेवली न्हाई म्हणून.

तुला जागा पाहिजे होती. ही घे. वडाच्या वळणावरून लाईनीखालून चालत ये. सगळ्या खांबांना कवटीची पाटी हाये. ज्याला न्हाई, त्याच्या बुडाशी.

कोणाला विचारायची गरज पडणार न्हाई. माझं तोंड बी पाहायची गरज न्हाई. मी दिवसभर वर क्रेशरवर असतो.

पेमा

१२ सप्टेंबर १९९९

मिना,

तू जाऊन आठ दिवस झाले. तू समोर असताना माझ्या तोंडून शब्द फुटला न्हाई, म्हणून हे पत्र.

तू बरोबर तीज बोळवायच्या दिवशी येशील असं मला वाटलं नव्हतं. पोरी उगवलेल्या गव्हाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन ओढ्याकडं निघाल्या होत्या, सगळ्या बाया गाणी म्हणत मागं. मी वरून पाहिलं, वडाच्या वळणावर जीप थांबली आन तू उतरलीस. मी तुला चालीवरून ओळखलं. तू घराकडं वळली न्हाईस. मान वर करून एकेक खांब पाहत चालत आलीस. गाणं थांबलं. तू त्या खांबापाशी आलीस आन खाली बसलीस.

तू याडीला काय सांगितलं ते मला वर ऐकू आलं न्हाई, क्रेशरचा आवाज होता. पण मी पाहिलं, याडी उभी होती तिथंच खाली बसली. मग बायांमधी ते पसरत गेलं. थोड्या वेळानं याडी डोंगर चढून वर आली, त्या गुडघ्यांनी. धापा टाकत होती. म्हणाली, 'पेमा, ते बंद कर.'

मी हँडल खाली ओढलं. खदानीचा मुनीम ओरडला, शेठला सांगतो म्हणाला. मी ऐकलं न्हाई. आवाज थांबला तसं खालचं बायांचं रडणं ऐकू आलं.

पुढचं तू पाहिलंस. तरी लिहितो, कारण ते माझ्या डोळ्यापुढून जात न्हाई. थावरा नाईक काठी टेकत आला आन म्हणाला, बायांनी इथं थांबायचं न्हाई, रीत हाये. याडी उघड्या डोक्यानं त्याच्यापुढं उभी राहिली. जन्मात तिनं त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर सोडला नव्हता. म्हणाली, 'माझी दोन तू आन माझ्या मालकानं आणून ठेवली. मालक गेला. आता तू सांग. कुठं हायेत?' नाईक इकडं तिकडं पाहायला लागला. कोणी त्याच्या मदतीला गेलं न्हाई. शेवटी त्यानं काठी उचलली आन बोरीच्या बुंध्याकडं दाखवली, मग थोडं अलीकडं. मग एकेक गडी पुढं आला. नर्मदाबाईचा म्हातारा तर दिसत न्हाई त्याला, हातानं चाचपून जागा शोधून राहिला होता. पोरींनी तिजेच्या टोपल्या ओढ्यात सोडल्याच न्हाईत. जिथं जिथं दाखवलं तिथं ठेवल्या.

मला कोणी मारलं न्हाई. कोणी शिवी दिली न्हाई. मारलं असतं तर मी उभा राहिलो असतो.

त्या सांजेला मी तांड्याचा मेन स्विच चालू केला न्हाई. तांडा अंधारात होता आन कोणी विचारायला आलं न्हाई, लाईट काहून न्हाई म्हणून. दुसऱ्या दिवशी शेठनं माझ्या जागी सेनगावचा माणूस आणला. ठीक हाये. बल्ब पुन्हा लागतात. खांब तिथंच हाये, तो मला उपटता येत न्हाई, साहेब म्हणतो लाईन फिरवायचा अर्ज करा, तो केलाय, बायांनी अंगठे दिलेत, पहिला याडीचा. कधी व्हईल सांगता येत न्हाई. तोवर बाया सांजेला तिथं जाऊन बसतात. तिथल्या गप्पा मला कळत न्हाईत. मी गेलो की त्या गप्प बसतात. याडी मला भाकर वाढते, बोलत न्हाई.

जीपमधी चढताना तू मला एकच विचारलंस. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. 'तिचं डोकं कुन्या अंगाला हाये?' मी नुसता उभा राहिलो. जीप गेली. तुला वाटलं असंल मला आठवत न्हाई.

मला आठवतं. रीत अशी हाये की डोकं डोंगराकडं करायचं, तांड्याकडं पाठ, म्हणजे लेकरानं मागं वळून पाहू नये. मी उलटं ठेवलं. नाईक म्हणाला, पेमा, फिरव. मी न्हाई फिरवलं. तिचं डोकं, तोंड मी आपल्या घराकडं केलं. रात्री भ्याली तर तिला घर दिसावं, एवढंच माझ्या मनात आलं. आपल्या घरात तवा दिवाच नव्हता, हे मला सुचलं न्हाई.

पेमा